अक्कांचं पाणी

"बायकांनी घोट्यापर्यंत. त्याच्या पुढं एक पाऊल नाही," अण्णा म्हणाले आणि फळ्यांच्या वाटेवरून पुढं चालू लागले.

त्यांच्या मागून आम्ही. सुरूच्या बनातून थेट समुद्रापर्यंत जाणारी ही लाकडी फळ्यांची वाट पुळणवाडीकरांनी त्याच वर्षी केली होती. चालताना फळ्या पायाखाली दणदण वाजायच्या, मधल्या फटींतून खालची वाळू दिसायची आणि दोन्ही अंगांनी सुरूच्या झाडांचा असा काही आवाज यायचा, की समुद्र आला आला म्हणून मी दोनदा फसले. मग एकदम झाडं संपली आणि तो दिसला.

मी सांगलीची. समुद्र पाहिलेला तो कॅलेंडरवर. कॅलेंडरवरचा समुद्र निळा असतो आणि गप्प असतो. हा हिरवा होता, पांढरा होता, लांबवर राखाडी होता आणि त्याचं बोलणं थांबतच नव्हतं. वाट जिथं संपत होती तिथल्या कठड्याला धरून मी उभी राहिले. तोंडून नुसतं "अगं बाई!" एवढंच निघालं.

"लई मोठा हाय गं," शेजारी उभ्या असलेल्या अक्का म्हणाल्या.

पण त्या माझ्यासारख्या चहूकडं बघत नव्हत्या. डोक्यावरचा पदर दातात धरून त्या पाण्यातल्या एकाच जागेकडं टक लावून बघत होत्या. मला वाटलं, मनातल्या मनात नमस्कार करत असतील.

या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. माझ्या लग्नाला तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. माझा नवरा धनंजय कराडला बँकेत होता, पण आम्ही राहायचो जवळच्याच गावी, एकत्र कुटुंबात. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. गावचे सरपंच, तालमीत कमावलेलं अंग आणि आवाज असा की दोन शेतं पलीकडचा बैल कान टवकारायचा. अक्का त्यांची बायको, माझी थोरली जाऊ. त्यांचं नाव शालन, पण सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं. चाळिशीला टेकलेल्या, बारीक चणीच्या आणि कामाला वाघ. बोलणं मात्र मोजकंच. अण्णांनी एक सांगावं आणि अक्कांनी ते ऐकावं, असंच मी घरात आल्यापासून बघत होते. अक्का भित्र्या आहेत, असं माझं मत झालं होतं. मळ्यातल्या विहिरीच्या तर त्या आसपासही फिरकायच्या नाहीत. धुणं असो, पाणी असो, गड्याला नाहीतर मला पाठवायच्या. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला, वैजूलाही तिकडं जायची बंदी होती.

समुद्राला जायचा हट्ट वैजूचाच. ऊस गेला होता, मे महिना होता, सासूबाई गुराढोरांपाशी थांबायला तयार झाल्या, आणि अण्णांनी जीप काढली. घाट उतरून दापोलीच्या खाली पुळणवाडीला पोचेपर्यंत अंधार पडला होता. मयेकर नावाच्या एका गृहस्थांच्या घरी माडीवरच्या खोल्या घेतल्या होत्या. सकाळी चहा देतानाच मयेकरांनी बजावलं होतं.

"खडकाच्या बाजूला खुशाल डुंबा. पण वाळूच्या पुळणीच्या मधोमध जिथं लाट फुटत नाही ना, तिथं पाणी गप्प दिसतं, तिथं जाऊ नका. आत ओढतं ते."

तेवढं ऐकून अण्णांनी आमच्यासाठी घोट्यापर्यंतचा कायदा केला होता.

घोट्यापर्यंत तर घोट्यापर्यंत. पण मी तुम्हाला सांगते, त्या सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा काय नव्हतं! ओल्या वाळूवर इवल्या इवल्या खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातली होती. पाऊल टाकावं तर सगळे खेकडे एका क्षणात गुडूप. वैजू ओंजळी भरभरून शिंपले आणून माझ्या ओच्यात टाकत होती. लाट यायची, पायांना गुदगुल्या करून परत जायची आणि जाताना पायाखालची वाळू काढून न्यायची. जमीनच सरकल्यासारखी वाटायची. मी घाबरून अक्कांचा दंड धरला.

आणि अक्का हसल्या. तोंडावर पदर न घेता, खळखळून. मी घरात आल्यापासून त्यांना असं हसताना पहिल्यांदाच ऐकत होते.

"वाळू जातीया, तू न्हाई जात," त्या म्हणाल्या. "पाय हलका सोड. ताठ उभी राहिलीस तर पडशील."

धनंजय तिकडं वैजूला घेऊन पाण्यात शिरला. अण्णांनी ट्रॅक्टरच्या टायरची मोठी काळी ट्यूब घरून जीपच्या टपावर बांधून आणली होती. तिच्यात वैजूला बसवून तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. लाट आली की ट्यूब वर उचलायची आणि वैजू किंचाळायची. अण्णा काठावर धोतर सावरत "सांभाळ रं, सांभाळ," म्हणत येरझाऱ्या घालत होते. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. लहानपणी कान फुटला होता, म्हणून त्यांना कधी कुणी विहिरीत उतरूच दिलं नव्हतं.

एक लाट जरा दांडगी आली. ट्यूब उलटली. नाकातोंडात पाणी जाऊन वैजू काठावर येऊन पडली, खोकत आणि हसत. ट्यूब मात्र परत फिरलेल्या पाण्याबरोबर निघाली.

"काका, माझी ट्यूब!"

धनंजय तिच्यामागं गेला. त्याला पोहायला चांगलं येत होतं. मळ्यातल्या विहिरीत मुटके मारत मोठा झालेला तो. ट्यूब हाताला लागतेय असं वाटायचं आणि बोटभर पुढं सरकायची. पुन्हा लागतेय वाटायचं, पुन्हा सरकायची. मी बघून हसत होते. आपला नवरा ट्यूबमागं धावतोय, याची मला गंमत वाटत होती.

मग लक्षात आलं, की मला आता त्याचे खांदे दिसत नाहीत. नुसतं डोकं दिसतंय.

ट्यूब कुठल्या कुठं गेली होती. धनंजयनं तिचा नाद सोडून तोंड काठाकडं फिरवलं होतं. हात मारत होता, जोरजोरात मारत होता आणि तरीही लहान लहान होत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या. तो होता तिथलं पाणी मात्र गप्प होतं.

"धन्या! अरं धन्या, माघारी ये!" अण्णा ओरडत पाण्यात घुसले. छातीएवढ्या पाण्यात लाटेनं त्यांना उचलून मागं आपटलं. उठले, पुन्हा घुसले, पुन्हा तेच. पुळणीवर आणखी दोन-तीन कुटुंबं होती, ती धावत आली. कुणीतरी होडी आणायला गावाकडं पळालं. होड्या सगळ्या खाडीत बांधलेल्या, हे मयेकरांनीच सकाळी सांगितलेलं मला आठवलं. मी वाळूत बसले. ओरडावंसं वाटत होतं, पण घशातून आवाजच फुटेना.

"कुंदा. उठ. हे धर."

अक्का. त्यांनी पिण्याच्या पाण्याचा कॅन ओढत आणला होता. परगावचं पाणी बाधतं म्हणून अण्णांनी तेलाचा मोठा पिवळा कॅन धुऊन त्यात घरचं पाणी भरून आणलं होतं. अक्का त्याचं झाकण काढून पाणी वाळूत ओतायला लागल्या.

"अक्का, काय करताय?"

"तिरका कर. खालनं उचल."

मला वाटलं, बाईला धसक्यानं वेड लागलं. माझा नवरा तिकडं चाललाय आणि ही पाणी ओततेय. पण त्यांचा आवाज इतका शांत होता, की मी निमूटपणे कॅन खालून उचलला. भडभड करत सगळं पाणी गेलं. अक्कांनी झाकण घट्ट पिळून बसवलं, तळहातानं ठोकून बघितलं. मग उभ्या राहिल्या, मंगळसूत्र पाठीवर टाकलं, निऱ्या पायांतून मागं ओढून कासोटा घातला आणि पदर कमरेला आवळून खोचला. उघड्या डोक्यानं अण्णांसमोर उभ्या असलेल्या अक्का मी कधी पाहिल्याच नव्हत्या.

त्या पाण्याकडं निघाल्या तसा अण्णांनी त्यांचा मनगटाशी हात धरला.

"शालन, नको. दोघं जाल."

"हात सोडा."

"अगं नदी न्हाई ही—"

"हात सोडा म्हणते ना!"

अण्णांवर आवाज चढवलेला माणूस मी आजवर बघितला नव्हता. अण्णांचा हात सुटला.

अक्का धनंजयच्या दिशेनं सरळ गेल्या नाहीत. काठाकाठानं पळत त्या पुळणीच्या मधोमध आल्या आणि जिथं लाट फुटत नव्हती, मयेकरांनी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, नेमक्या त्याच जागी पाण्यात शिरल्या.

"अक्का, तिथं नको!" आता माझा आवाज फुटला. "तिथं नको, अक्का!"

त्यांनी मागं वळून बघितलंही नाही. कॅन पोटाखाली घेतला आणि पाण्यावर आडव्या झाल्या. पुढं जे झालं ते मी आजही डोळे मिटले की जसंच्या तसं बघते. धनंजयला ओढून नेणाऱ्या त्या पाण्यानं अक्कांनाही उचललं. पण त्या त्याच्याशी झगडत नव्हत्या. पाटावर बसवून नवरीला न्यावं तसं ते पाणी त्यांना घेऊन चाललं होतं. पिवळा ठिपका आणि त्याच्या मागं काळ्या केसांचा अंबाडा. बघता बघता ते धनंजयपाशी पोचले.

तिथं काय झालं ते धनंजयनं नंतर सांगितलं. तो पार दमला होता. हात उचलत नव्हते. अक्का दिसताच तो त्यांच्या गळ्याला मिठी मारायला झेपावला. अक्का चटकन मागं सरल्या आणि म्हणाल्या, "भावजी, गळ्याला हात घालाल तर मुस्काडात देईन. डबा धरा."

त्यानं कॅन धरला.

"आता काठाकडं बघू नका. माझ्याकडं बघा. ह्या पाण्याला आपल्याला न्यायचं तिकडं नेऊ द्या. जरा दमलं की आपून बाजूनं निघू."

काठावरून आम्हाला एवढंच दिसत होतं, की दोघंही आणखी आत चाललेत. वैजू माझ्या कमरेला मिठी मारून "आई, आई" करत होती. अण्णा कुठं होते, काय करत होते, मला काही आठवत नाही. माझे डोळे त्या पिवळ्या ठिपक्यावरून हलले नव्हते.

आणि मग तो ठिपका डावीकडं सरकायला लागला. आधी मला भास वाटला. मग पलीकडचं खडकाचं टोक आणि तो ठिपका यांच्यातलं अंतर कमी झालेलं दिसलं. ते काठाकडं येतच नव्हते, काठाला धरून आडवे चालले होते. मधेच लाटेआड गेले की माझा श्वास थांबायचा, पुन्हा वर आले की सुटायचा. असे ते पुष्कळ लांब गेले आणि जिथं लाटा धडाधडा फुटत होत्या तिथं आले. मग एकेक लाट त्यांना धक्का देत काठाकडं ढकलायला लागली.

मी पळत सुटले. ओच्यातले शिंपले वाटेत सांडत गेले. खडकाजवळ पोचले तेव्हा अक्का गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. एका हातानं धनंजयची कॉलर धरली होती आणि दुसऱ्या हातात कॅन होता. धनंजय वाळूवर पालथा पडला आणि पोटातलं खारं पाणी ओकायला लागला. मी त्याच्या पाठीवर पडून रडत सुटले.

"रडू नगंस," अक्का धापा टाकत म्हणाल्या. "पाठ चोळ त्यांची. जोरात."

लोक जमले. कुणी टॉवेल आणला, कुणी चहा आणायला धावलं. "कुठल्या हो बाई तुम्ही? कोळ्याच्या का?" एका बाईनं विचारलं. अक्कांनी नुसती मान हलवली. त्यांच्या दंडावर लांबलचक ओरखडा होता आणि त्या थरथरत होत्या. तेवढ्यात गर्दीतून अण्णा आले. अंगातला सदरा काढून त्यांनी अक्कांच्या खांद्यावर टाकला. धनंजयकडं बघितलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग "चला" म्हणाले आणि पुढं चालू लागले.

दुपारी मयेकरांच्या घरी केवढा बेत केला होता! सुरमई तळलेली, सोलकढी, तांदळाची भाकरी. अण्णा पानावर आलेच नाहीत. खिडकीतून मला ते फळ्यांच्या वाटेवर दिसत होते. भर उन्हात मधल्याच एका कठड्याला टेकून बसलेले, पाठ आमच्याकडं.

"रागावलेत," मी धनंजयला म्हणाले.

तो अंथरुणात पडून होता. "दादाला चारचौघांत असं कुणी बोललेलं नाही कधी," तो हळूच म्हणाला. "त्यात बायकोनं." मग म्हणाला, "कुंदा, वहिनींना पोहता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. एका घरात राहतो आपण."

संध्याकाळी अक्का आणि मी वाटेच्या टोकाशी जाऊन बसलो. पाय खाली सोडले होते. सूर्य पाण्याला टेकायला आला होता आणि आमच्या पायांपासून त्याच्यापर्यंत पाण्यावर केशरी रस्ता पडला होता. सकाळी माझा नवरा गिळायला निघालेला तो हाच समुद्र. मला त्याचा राग यायला हवा होता. तो इतका देखणा दिसत होता, की राग येईना.

"अक्का, कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? माझं माहेर वारणाकाठी. घर ह्या तीरावर, रान त्या तीरावर. पूल न्हाई. आई भाकरी फडक्यात गुंडाळून डोक्याला बांधायची, पालथी घागर पोटाखाली घ्यायची आणि वडलांना न्हेऊन द्यायची. ती बाळंतपणात गेली. मग मी न्यायला लागले. पावसाळ्यात पाणी तांबडं व्हायचं, ओढ वाढायची. मग आधी काठावर बसून बघायचं, पाणी कुठनं कुठं चाललंय. त्याला जायाचंय तिथं आपून आडवं यायचं न्हाई. बाजूनं निघायचं."

सकाळी त्या पाण्यात काय बघत होत्या ते मला आत्ता कळलं.

"मग आपल्या विहिरीकडं तुम्ही कधी..."

खाली वाळूत एक कुत्रं लाटेवर भुंकत होतं.

"लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात," त्या म्हणाल्या. "दुपारची सगळी झोपली होती. लई उकडत हुतं. मी मळ्यात गेले. विहीर तुडुंब, पाणी काचेसारखं. मला ऱ्हावलं न्हाई. वरच्या पायरीवरनं सूर मारला. कुंदा, काय सांगू तुला! लग्न झाल्यापासून कुणी हाक मारली न्हवती मला माझ्या नावानं. त्या पाण्यानं मारली. पोहून पोहून वर बघते, तर सासूबाई उभ्या. सोबत दोन चुलतसासवा. आणि हे."

"अण्णा?"

"हं. सासूबाई म्हणाल्या, पाटलाची सून हाय का कोळ्याची? गडीमाणसं बघत असतील तर इज्जत काय ऱ्हायली? लई बोलल्या. मी वल्ल्या लुगड्यात पायरीवर उभी. त्यांचं बोलणं मला लागलं न्हाई बघ. सासू बोलणारच. मी ह्यांच्याकडं बघितलं. म्हटलं, हे एक शब्द तरी बोलतील. 'ऱ्हाऊ द्या आई,' एवढंच." अक्कांनी पदराच्या टोकाला पीळ घातला. "ह्यांनी खाली बघितलं."

"मग?"

"मग काय. म्या विहिरीकडं जायाचंच सोडलं. नुसतं पाणी बघायचं आणि उतरायचं न्हाई, हे माझ्यानं व्हायचं न्हाई. त्यापरीस बघायलाच नको." अक्कांनी पदराचा पीळ सोडला. "वैजूला पण शिकवलं न्हाई. आज ती ट्यूबातनं पडली तवा माझ्या काळजात चर्र झालं. वारणेच्या पोरीची पोर आणि तिला पाणी ठावं न्हाई."

सूर्य बुडाला. फळ्यांवर मागून दणदण पावलं वाजली. वळून बघितलं तर अण्णा. ते आमच्यापाशी येऊन उभे राहिले. अक्कांनी घाईनं डोक्यावर पदर घेतला. अण्णा अंधारत चाललेल्या पाण्याकडं बघत राहिले आणि मग आल्या वाटेनं परत गेले. त्यांनी काय काय ऐकलं होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती वैजूच्या हलवण्यानं. "काकू, आई न्हाई. अण्णा पण न्हाईत."

नको नको ते मनात आलं. धनंजयला उठवलं. तिघंही त्या फळ्यांच्या वाटेनं जवळजवळ पळतच निघालो. नुकतं उजाडलं होतं. सुरूच्या झाडांवर दव होतं आणि वारा पडला होता. टोकाशी पोचलो आणि धनंजयनं माझा हात धरून मला थांबवलं.

ओहोटी होती. समुद्र लांब मागं गेला होता आणि ओल्या वाळूत सगळं आकाश उतरलं होतं. डाव्या हाताला खडकाच्या आडोशाला पाणी तळ्यासारखं निवांत होतं. काठावर अण्णा उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्याला पटका. आणि दोन्ही हातांत, छातीशी धरून, बायकोच्या चपला.

आमच्या गावचा सरपंच. पाहुण्यांत जेवायला बसला तर ताट चुलत्यांच्या आधी ज्याच्यापुढं यायचं, तो माणूस. पुळणीवर चार माणसं होती, जाळी पसरणारे कोळी होते, आणि हा बायकोच्या चपला हातात घेऊन उभा होता. बायकांनी कासाराची वाट बघावी तसा वेळेचं भान सोडून.

पाण्यात अक्का होत्या. डोकं उघडं, केस मोकळे. लांब लांब हात टाकत त्या खडकापर्यंत जात होत्या, तिथं वळत होत्या, उताणं होऊन आकाशाकडं बघत तरंगत होत्या आणि पुन्हा निघत होत्या. पाण्याचा आवाजसुद्धा होत नव्हता. मी अक्कांना चुलीपुढं पाहिलं होतं, गोठ्यात पाहिलं होतं, भाकऱ्यांची चवड रचताना पाहिलं होतं. पण ही बाई नेमकी कुठली आहे, कशासाठी घडलीय, ते मी त्या सकाळी पाहिलं.

मयेकर फिरायला आले होते. ते अण्णांपाशी थांबले. वारा नसल्यामुळं बोलणं आम्हाला स्वच्छ ऐकू येत होतं.

"काय सरपंच, सकाळीसकाळी? इथं काय उभे?"

"मंडळी पोहतायत," अण्णा म्हणाले.

मयेकरांना वाटलं, पुष्कळ माणसं पाण्यात आहेत. आमच्याकडं बायकोला मंडळी म्हणतात. मयेकरांनी कपाळावर हात धरून पाण्यात बघितलं. "कुठायत मंडळी? मला तर एकच बाई दिसतात."

"एकच हाय," अण्णा म्हणाले. "पर पुरून उरतीया."

ते असं म्हणाले आणि हसले नाहीत. अगदी सभेत ठराव वाचावा तसे म्हणाले. तिकडं जाळी पसरणाऱ्या कोळ्यांनी कालचं सगळं ऐकलंच होतं. त्यांतला एक म्हातारा पुढं झाला आणि त्यानं पाण्याकडं बघून हात जोडले.

वैजूला आता कोण धरणार? ती वाट सोडून वाळूतून पळत सुटली. "आई, मला पण! मला पण!" अण्णांनी तिला अडवलं नाही. फ्रॉकसकट ती पाण्यात शिरली आणि अक्कांनी तिला हाताच्या पाळण्यात झेललं.

पुढचं सांगायचं तर वैजू त्या मुक्कामातच तरंगायला शिकली. मी शिकले दिवाळीनंतर, कारण मी वैजूपेक्षा किती तरी जास्त ओरडायचे. सासूबाई पुष्कळ दिवस धुसफुसल्या. अण्णा त्यांना एवढंच म्हणाले, की धन्या तुझा धाकटा लेक आहे आणि तो जिवंत आहे. त्यानंतर घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही. पुढं गावातल्या कितीतरी पोरी अक्कांच्या हाताखालून पोहायला शिकल्या. आता अण्णा नाहीत. अक्का आहेत. गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाहीत, पण पाण्यात उतरल्या की त्यांचं वय कुणाला सांगता येत नाही.

त्या सकाळी अक्का ओल्याचिंब पाण्याबाहेर आल्या तेव्हा अण्णा खाली वाकले आणि त्यांनी चपला त्यांच्या पायांपाशी ठेवल्या. अक्का लाजल्या. "अहो, लोक बघतायत," असं काहीसं म्हणाल्या असाव्यात. अण्णांनी ऐकलं नाही.

परत येताना ते आणि धनंजय पुढं गेले. वैजू मधेच उड्या मारत होती. मी मुद्दाम मागं राहिले आणि अक्कांना विचारलं, "रागावले नाहीत ना अण्णा? काय म्हणाले?"

अक्का केस पिळत होत्या. पाणी फळ्यांवर टपटपत होतं.

"पहाटे उठवलं मला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आता काय बोलत्यात. तर म्हणाले, 'शालन, काल तू पाण्यात शिरलीस आणि मी भ्यालो. डोळे गच्च मिटून घेतले. तू काठाला लागस्तवर उघडलेच न्हाईत. सगळ्या पुळणीनं तुला बघितलं, मी सोडून.'" त्यांनी पिळलेले केस पाठीवर टाकले. "म्हणाले, 'चल. मला बघायचंय.'"